एकमताने मंजूर झालेला मासा

एक मधमाशी जन्मभर राबून जेमतेम चहाच्या चमच्याचा बारावा हिस्सा मध तयार करते. हे मी एका सकाळी नाश्त्याच्या टेबलावरून बायकोला सांगितलं, तेव्हा ती माझ्याकडे पाठ करून भांडी घासत होती. मला वाटलं होतं, हातातलं भांडं गळून पडेल. भांडं पडलं नाही. पाठीनं एवढंच विचारलं, "आणि तुम्ही?"

लग्नाला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं मी या पाठीला जगातली एकाहून एक चक्रावणारी माहिती पुरवतो आहे. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे ऐकल्यावर माणसानं निदान वळून तरी बघावं की नाही? तिनं नळ थोडा मोठा सोडला होता, बस्स. मधमाशीच्या दिवशी मात्र मी चहा अर्धा ठेवून उठलो, आणि मी चहा अर्धा टाकला म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं हे तिला बरोबर कळतं.

"अहो, एवढी हौस आहे तर खाली फळ्यावर लिहीत जा," ती म्हणाली. "बत्तीस बिऱ्हाडं आहेत. कुणीतरी थक्क होईलच."

तिनं ते गंमतीत म्हटलं होतं. मी ते मनावर घेतलं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्तींची सुरुवात अशीच झालेली आहे.

इथं माझ्या नोकरीविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढं ती आडवी येणार आहे. मी वजनमापं तपासणीच्या कचेरीत आहे. दुकानादुकानांत जाऊन काटे तपासायचे, बरोबर असेल त्यावर ठसा मारायचा आणि खोटा असेल त्याला लाल चिठ्ठी बांधायची. लाल चिठ्ठी बांधलेला काटा फेरतपासणी होईपर्यंत कुणी वापरायचा नाही आणि फेरतपासणी सगळ्यांदेखत करायची, असा नियम आहे. ग्रॅमभर चूक आमच्याकडे खपत नाही. इमारतीतले लोक मला समोर 'साहेब' आणि मागे 'वजनकाटे' म्हणतात. मला दोन्ही मान्य आहे.

तर फळा. आमच्या इमारतीत तळमजल्यावर लिफ्टच्या शेजारी एक काळा फळा आहे. 'उद्या पाणी येणार नाही', 'टाकी धुतली जाणार आहे', 'जिन्यात सायकली ठेवू नयेत' असल्या सूचना त्यावर लिहिल्या जातात आणि खाली लिहिणाऱ्याचा घर क्रमांक असतो. वीस वर्षांत त्या फळ्यावर सूचनेखेरीज काहीही लिहिलं गेलेलं नव्हतं. लोक वाचायचे, मान डोलवायचे आणि निमूट बादल्या भरायला जायचे. फळ्यावर खडूनं उमटलेला शब्द म्हणजे हुकूम, ही सवय त्यांच्या हाडीमासी भिनलेली आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पहिल्या दिवशी मी सुबक अक्षरात लिहिलं, 'चंद्र दरवर्षी पृथ्वीपासून सुमारे पावणेचार सेंटिमीटर दूर जात आहे.' खाली माझा घर क्रमांक.

संध्याकाळी कामावरून परत येतो तो दारात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या. चेहरा पांढराफटक.

"साहेब, हे कधीपासून चाललंय?"

"काकू, कोट्यवधी वर्षांपासून."

"आणि आम्हाला आत्ता सांगताय?" काकूंचा आवाज चिरकला. "समितीनं काय ठरवलंय मग?"

समितीनं काही ठरवलेलं नाही आणि ठरवून उपयोगही नाही, हे मी त्यांना समजावलं. त्या "बघा बाई!" म्हणत गेल्या, पण जाताना माझ्याकडे अशा बघत होत्या की चंद्राला मीच ढकलतो आहे. मला वाईट वाटायला हवं होतं. उलट मी सुखावलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या माहितीनं कुणाचा तरी रंग उडाला होता.

दुसरी माहिती अशी होती, की भांडी घासायच्या जुन्या स्पंजात पुष्कळदा संडासाच्या सीटपेक्षा जास्त जंतू असतात. यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी ढीगभर स्पंज. प्रत्येकाला घर क्रमांकाची चिठ्ठी लावलेली. सूचनेखाली ज्याचा क्रमांक, त्याच्याकडे वस्तू जमा करायची, असा सरळ हिशेब लोकांनी केला होता. कचरा नेणारा म्हणाला, "एवढे जंतू मी नेणार नाही, मलाही लेकरंबाळं आहेत." त्यानंही फळा वाचला होता. बायकोनं तो ढीग बघितला, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन दोन मिनिटं नळ नुसताच सोडून ठेवला. हे लक्षण मला चांगलं ठाऊक आहे.

खरा भडका उडाला तो तिसऱ्या माहितीनं. 'बऱ्याच लिफ्टमध्ये दार बंद करण्याचं बटण दाबून काहीही होत नाही. दार त्याच्या वेळेनंच बंद होतं.'

पाचव्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. हे गृहस्थ अकरा वर्षं रोज सकाळी ते बटण चार वेळा दाबतात. तीन वेळा दाबून ते भागत नाही असं त्यांचं निरीक्षण होतं. फळा वाचून ते सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन लिफ्टमध्ये शिरले आणि तासभर खालीवर करत राहिले. शेवटी बाहेर आले तेव्हा ओळखू येत नव्हते.

"अकरा वर्षं!" ते म्हणाले. "अहो, अकरा वर्षं मी कुणाला दाबत होतो?"

त्यांनी लिफ्टच्या मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकनं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि शांतपणे सांगितलं, "जोडलेलंच नाही. शोभेचं आहे ते." डॉक्टरांनी त्याच पावली लिफ्ट तपासणीच्या कचेरीत तक्रार केली. कचेरीनं तत्परता दाखवली. एक बटण सदोष असल्याची तक्रार आल्यामुळे पूर्ण तपासणी होईपर्यंत लिफ्ट वापरू नये, असं पत्र आलं. लिफ्ट नऊ दिवस बंद होती. मी चौथ्या मजल्यावर राहतो. त्या नऊ दिवसांत जिन्यात जो कुणी भेटला तो धापा टाकत होता, आणि धाप टाकणाऱ्या माणसाच्या नजरेत केवढा तिरस्कार मावतो, याची माहिती कुठल्याच पुस्तकात नाही.

त्यातच वॉचमननं माझ्या लिफ्टच्या माहितीखाली 'उद्या पाणी येणार नाही' असं लिहिलं. लोकांनी वाचलं, "काय एकेक नवल असतं!" म्हणाले आणि एकानंही बादली भरली नाही. दुसऱ्या दिवशी बत्तीस बिऱ्हाडं कोरडी. मग मात्र सचिवांनी मला बोलावून घेतलं.

आमचे सचिव नोंदणी खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांना सगळे शिक्केसाहेब म्हणतात. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी ते शाईचा पॅड खिशात बाळगतात. त्यांनी मला तीन प्रतींतला एक अर्ज दिला. त्यात रकाने होते: माहितीचं स्वरूप, माहितीचा आधार, माहितीमुळे रहिवाशांना होऊ शकणारा त्रास.

"यापुढं प्रत्येक माहिती रविवारच्या सभेत मताला टाकायची," ते म्हणाले. "बहुमत मिळालं तर मी शिक्का मारणार. शिक्का बसला की महिनाभर फळ्यावरून पुसायची नाही."

"पण खरं काय ते मतांनी कसं ठरेल?"

"दुसरं कशानं ठरवणार?" त्यांनी इतक्या खऱ्या आश्चर्यानं विचारलं, की मी अर्ज घडी करून खिशात घातला.

पहिल्या सभेत मी शुक्राची माहिती मांडली. शुक्रावरचा एक दिवस तिथल्या एका वर्षापेक्षा मोठा असतो. दातांचे डॉक्टर ताडकन उठले. म्हणाले, एक दिवस संपायच्या आत वर्ष संपतं म्हणजे काय, ही शुद्ध फसवणूक आहे. चौदा विरुद्ध तीन मतांनी शुक्र पडला. केळं हे शास्त्रानं बेरी ठरतं आणि स्ट्रॉबेरी ठरत नाही, हे काकूंनी "आमच्या घरात असलं चालायचं नाही" म्हणून हाणून पाडलं. ऑक्टोपसच्या तीन हृदयांवर तर अर्धा तास खडाजंगी झाली आणि शेवटी शिक्केसाहेबांनी तोडगा सुचवला, की दोन्ही बाजूंचा मान राखून दोन धरू.

मी वजनमापं खात्यातला माणूस. माझ्यासमोर एका मुक्या प्राण्याचं एक हृदय तडजोडीत कापलं जात होतं. संतापानं माझे कान तापले. यांना खरं नकोच आहे, यांना ओळखीचं हवं आहे, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. मी ऑक्टोपस मागे घेतला आणि चिडून म्हटलं, "ठीक आहे. गोल्डफिश माशाची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते. हे चालेल?"

"हां, हे बरोबर आहे!" डॉक्टर उजळले. "हे मला माहीतच होतं."

"मलाही!" काकू म्हणाल्या.

सगळे हात वर झाले. माझी बायको मागच्या खुर्चीवर होती. तिचा हात मांडीवरच होता, पण शिक्केसाहेबांनी तिचा मौन होकार धरला. 'माहितीचा आधार' या रकान्यात मी 'सर्वांना ठाऊक' असं लिहिलं, सही केली, आणि फळ्यावर खडूनं लिहिलेल्या वाक्याच्या कोपऱ्यात कागद चिकटवून त्यावर गोल निळा शिक्का बसला. एकमताने मंजूर. माझा केवढा सन्मान झाला असं मला वाटलं, हे आज सांगतानाही लाज वाटते.

दुसऱ्याच दिवशी मी कचेरीच्या कामासाठी दौऱ्यावर गेलो. अडीच आठवड्यांनी गुरुवारी परतलो आणि शुक्रवारी सकाळी नेहमीप्रमाणे पहिल्या मजल्यावरच्या आजींना वर्तमानपत्र द्यायला गेलो. आजी एकट्याच असतात. म्हणजे एकट्या नाही, त्यांच्याकडे काचेच्या गोल भांड्यात एक केशरी मासा आहे, सोन्या. रोज सकाळी खाण्याच्या डबीच्या झाकणानं आजी काचेवर तीनदा टकटक करायच्या, सोन्या सुळकन पुढं यायचा, आणि मग आजी त्याला कालचा सगळा दिवस सांगायच्या. गुडघा, झोप, जिन्यात कोण भेटलं, भाचीचा फोन आला की नाही, सगळं. मला वर्तमानपत्र देताना त्यातलं थोडंफार ऐकायला मिळायचं.

त्या दिवशी घर शांत होतं. आजींनी चिमूटभर खाणं पाण्यावर सोडलं आणि भांड्याकडे न बघता खुर्चीवर बसल्या. टकटक नाही, बोलणं नाही.

"आजी, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय?" आजी म्हणाल्या. "तुम्ही लिहिलंत ते वाचलं मी दुसऱ्या दिवशीच. शिक्का पण आहे. म्हणजे खरंच असणार."

या घरात मासा आहे हे मला आठवलंच नव्हतं.

"सात वर्षं मी त्याला सगळं सांगत आले," आजी शांतपणे म्हणाल्या. "वाटायचं, कुणालातरी माहीत आहे. आता कळलं, तो दर तीन सेकंदांनी नवाच. म्हणजे मी सात वर्षं अनोळखी माणसाशी बोलत होते की हो. हसू आलं माझं मलाच." त्या हसल्या नाहीत. "डॉक्टरांना हवाय त्यांच्या दवाखान्यात. बसलेल्या लोकांचं मन रमतं म्हणे. परवा रविवारी घेऊन जाणार आहेत. त्याला काय, इथं काय नि तिथं काय."

मी तीन मजले कसे चढलो मला आठवत नाही. लिफ्ट चालू झाली होती, हेही विसरलो. बायको ओट्यापाशी होती. मी तिच्या पाठीला सगळं सांगितलं.

ती वळली. बावीस वर्षांत पहिल्यांदा मध्येच वळली.

"पण ते खोटं आहे," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत मला. बारा वर्षं झाली असतील. मासे महिनोन्महिने लक्षात ठेवतात, ठरावीक आवाजाला यायला शिकतात, खाणं देणाऱ्याला ओळखतात. तीन सेकंदांची गोष्ट ही निव्वळ थाप आहे, असं अर्धा तास सांगत होतात. आमटी गार झाली होती."

मी खुर्चीत बसलो. तिला आठवत होतं आणि मी विसरलो होतो. माझी स्मरणशक्ती गोल्डफिशपेक्षा कमी निघाली होती, ती पण खऱ्या गोल्डफिशपेक्षा.

"मग सभेत बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, मध्यंतरी नवीन संशोधन झालं असेल."

तडक खाली गेलो आणि फळा पुसायला हात उचलला. वॉचमन मध्ये आला. "साहेब, शिक्का आहे." शिक्केसाहेबांकडे गेलो. मंजूर झालेली माहिती रद्द करायचा अर्जच अस्तित्वात नव्हता. तो आधी खास सभेनं मंजूर करायचा, आणि खास सभेला पंधरा दिवसांची सूचना द्यायची.

"माहिती खोटी आहे हो!" मी ओरडलो.

"एकमतानं मंजूर झालीय," ते म्हणाले. "आणि सही तुमचीच आहे. खरं असं ऐनवेळी बदलायला लागलं तर माणसानं जगायचं कसं?"

मग मी जे केलं त्याबद्दल पुढं मला कचेरीत लेखी खुलासा द्यावा लागला. मी घरून माझी कामाची बॅग आणली, त्यातून लाल चिठ्ठी काढली, 'माप सदोष, फेरतपासणीपर्यंत वापरू नये' यावर सही ठोकली आणि सुतळीनं ती फळ्याला बांधली.

शिक्केसाहेब आले आणि थिजले. सरकारी चिठ्ठी! इमारतीचा शिक्का एकीकडे, सरकारची सुतळी दुसरीकडे. त्यांनी खिशातला पॅड चाचपला, परत ठेवला. जन्मभर ज्यानं शिक्क्याचा मान राखला तो माणूस सुतळी तोडणार कशी?

"फेरतपासणी कधी?" त्यांनी विचारलं.

"रविवारी सकाळी दहा वाजता. सगळ्यांदेखत."

रविवारी दहाला वॉचमनच्या टेबलावर सोन्याचं भांडं ठेवलं होतं. भोवती निम्मी इमारत. डॉक्टर झाकणाची बादली घेऊनच आले होते. आजी जिन्याच्या पायरीवर, कठडा धरून उभ्या.

पहिली टकटक डॉक्टरांनी केली. सोन्या भांड्याच्या मागच्या बाजूला तोंड करून तरंगत राहिला. शिक्केसाहेबांनी शिक्क्याच्या दांड्यानं तीनदा वाजवलं. काही नाही. मग मी आजींच्या डबीचं झाकण घेऊन वाजवलं. सोन्यानं शेपटी हलवली आणि आणखी मागे गेला.

"झालं!" डॉक्टर म्हणाले. "सात वर्षं रोज ही टकटक ऐकूनही विसरला. चला, आणा ते भांडं."

"थांबा!" मी म्हणालो. "आजींनी वाजवलेलं नाही. आजी, या."

"नको," आजी म्हणाल्या.

"आजी, तो येईल. पुस्तकात आहे."

"आणि नाही आला तर?" आजींनी माझ्याकडे बघितलं. "आत्ता निदान मला नक्की ठाऊक नाहीये. वीस दिवस झाले. राहू दे ना बाबा."

माझ्याजवळ मधमाशी होती, चंद्र होता, शुक्र होता, आणि या बाईला द्यायला माझ्याजवळ काहीही नव्हतं. मी मान खाली घातली.

तेवढ्यात माझ्या हातातलं झाकण कुणीतरी काढून घेतलं. बायको होती. ती जिन्यापाशी गेली आणि आजींच्या शेजारी उभी राहिली.

"आजी, यांचं सोडा, हे चुकतातच," ती म्हणाली. "पण मी बावीस वर्षं यांच्याकडे पाठ करून भांडी घासते. यांना वाटतं, मी ऐकत नाही. एक शब्द विसरले नाहीये मी. तोंड तिकडे आहे म्हणून काय झालं?"

ते तिनं आजींना सांगितलं. पण ऐकून टेबल मी धरलं.

आजींनी झाकण घेतलं. सावकाश टेबलापाशी आल्या. एकदा वाजवलं. दोनदा. तिसऱ्यांदा हात हवेतच थांबला, मग खाली आला.

सोन्या गर्रकन वळला आणि सरळ काचेवर आला. आजींच्या बोटासमोर, तोंड उघडत मिटत, वरखाली, जाईचना तिथून.

काकूंनी तोंडाला पदर लावला. डॉक्टरांनी बादली हळूच पाठीमागे नेली. शिक्केसाहेबांनी वही उघडून लिहिलं, 'मासा हजर. ओळख पटली.' आणि खाली शिक्का मारला, थोडा वाकडा.

"अरे शहाण्या," आजी माशाला म्हणाल्या. "वीस दिवस तोंड शिवून बसलास. मी बोलले नाही तर तुला नाही होय बोलता येत?" मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि तिथंच, सगळ्यांदेखत, वीस दिवसांचा गुडघा, झोप आणि भाचीचा फोन सांगायला सुरुवात केली. एकही माणूस हलला नाही. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी माझा दंड धरून मला काचेजवळ ओढलं.

"हा बघ. हाच तो, फळ्यावर लिहिणारा. नीट बघून ठेव."

सोन्यानं बघितलं.

याला आता आठ महिने झाले. फळ्यावर फक्त पाण्याच्या सूचना असतात आणि लोक निमूट बादल्या भरतात. मी रोज सकाळी आजींना वर्तमानपत्र द्यायला जातो. मी दारात दिसलो रे दिसलो, की सोन्या भांड्याच्या मागच्या बाजूला जातो आणि मी जाईपर्यंत माझ्याकडे शेपटी करून राहतो. वॉचमन आला तर असं करत नाही, मी खात्री करून घेतली आहे. मासे महिनोन्महिने लक्षात ठेवतात, याला यापेक्षा भक्कम पुरावा मला मिळणार नाही.

काल हे मी घरी येऊन बायकोच्या पाठीला सांगितलं. नळ चालू होता, भांडी वाजत होती. पण पाठ हलत होती. हसत होती ती.